नियम न पाळणं, हुकूम न मानणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी लालबागच्या एका वाचनालयात आम्ही दहा-पंधरा जण बसतो. कॉलेजची पोरं असतात, गिरणीत आयुष्य काढलेले दोन काका असतात, एक नर्स ताई नाइट संपवून थेट येते, आणि विषय कुठलाही काढला तरी गाडी फिरून इथेच येते, की वरच्याचं ऐकायचं नसेल तर काय करायचं, ऐकलं नाही तर त्याला काय म्हणायचं, आणि ते बरोबर कधी नि नुसता आडमुठेपणा कधी. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून काढलंय. मी वकील नाही, बावीस वर्षं स्टोअर्समध्ये नोकरी केलेली बाई आहे, त्यामुळे केस अंगावर असेल तर वकिलाकडेच जा.

अवज्ञा, कायदेभंग, बंड, उद्धटपणा, हे सगळं एकच ना?

नाही, आणि इथेच निम्मा घोळ होतो. उद्धटपणा म्हणजे बोलण्याची पद्धत, माणूस उद्धटपणे बोलूनही सांगितलेलं काम निमूट करू शकतो, आणि अत्यंत नम्रपणे हात जोडून ‘हे माझ्याकडून होणार नाही’ असंही म्हणू शकतो. बंड म्हणजे सत्ताच उलथवायची, हुकूम देणाराच नको. कायदेभंगात एक ठरावीक कायदा मोडायचा, बाकीचं सगळं पाळायचं. असहकार म्हणजे काही मोडायचंही नाही, फक्त आपला हात काढून घ्यायचा.

अवज्ञा हा शब्द जरा बघण्यासारखा आहे. आज्ञा आणि अवज्ञा दोन्ही ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे या एकाच धातूतून आलेत, पण संस्कृतात अवज्ञा म्हणजे तुच्छ लेखणं, अनादर. म्हणजे शब्दातच ठरवून टाकलंय की ज्यानं ऐकलं नाही त्यानं अपमान केला! आपल्या घरांत पण तेच चालतं, सुनेनं ‘मला हे पटत नाही’ म्हटलं की वाद पटण्या-न पटण्याचा राहतच नाही, ‘तोंड वर करून बोलली’ एवढाच उरतो. ‘जुमानणे’ घ्या, हे क्रियापद मी तरी ‘नाही’शिवाय फारसं ऐकलेलं नाही, कोण कुणाला जुमानतो असं आपण म्हणत नाही, जुमानत नाही असंच म्हणतो. ऐकणारा माणूस कुणाच्या डोळ्यावर येत नाही, न ऐकणारा लगेच येतो.

मग रूळ ओलांडणं, सिग्नल तोडणं, हेल्मेट न घालणं ही पण अवज्ञाच झाली की?

नियमभंग झाला, बाकी काही नाही. रूळ ओलांडणारा माणूस रेल्वेच्या कायद्याला विरोध म्हणून ओलांडत नाही, त्याला ७:४२ ची फास्ट पकडायची असते. (रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.) मी एक साधी परीक्षा लावते: हा नियम सगळ्यांसाठीच रद्द व्हावा असं तुला वाटतं का, का फक्त आज तुझ्यापुरता? सिग्नल तोडणाऱ्याला विचारा, बाकीच्यांनी सिग्नल पाळलाच पाहिजे असं तो छातीठोकपणे सांगेल, कारण त्यांनी पाळला म्हणून तर तो तोडून जिवंत निघाला. ही सवलत आहे, स्वतःच स्वतःला दिलेली. तिला बंडखोरीचं नाव देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण मग जे लोक खरोखर किंमत मोजून नाही म्हणतात त्यांना पण लोक त्याच रांगेत उभं करतात.

‘सविनय’ कायदेभंग, त्यात सविनय कशाला? मोडायचा तर मोडायचा.

कारण त्यात लपवाछपवी नव्हती. गांधीजींनी २ मार्च १९३० ला व्हाइसरॉय आयर्विनला पत्र पाठवून सांगितलं की मी मिठाचा कायदा मोडणार आहे, १२ मार्चला साबरमतीहून चालायला लागले आणि ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. महिनाभर आधी सांगून मोडलेला कायदा! चोर असं करत नाही.

मुंबईत त्याचं काय झालं हे आपल्या पोरांना माहीतच नसतं. विलेपार्ल्याला जमनालाल बजाजांच्या पुढाकारानं छावणी पडली, चौपाटीवर अवंतिकाबाई गोखले, कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या बायका चूल मांडून समुद्राचं पाणी आटवत होत्या, तयार झालेलं मीठ शहरात विकलं जात होतं, आणि मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांनी जे धाडस केलं, हजारोंनी घुसले, लाठ्या खाल्ल्या आणि परत दुसऱ्या आठवड्यात आले. हार्बर लाइननं वडाळ्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? तर विनय म्हणजे मऊपणा नाही. मी हे करतोय, माझं नाव हे, कारण हे, आता तुम्हाला काय करायचं ते करा, असं समोर उभं राहून म्हणणं म्हणजे विनय.

तुम्ही सारखं रखमाबाईंचं नाव घेता, त्या तर डॉक्टर होत्या ना?

डॉक्टर नंतर झाल्या. त्याआधी त्यांनी या शहरात जे केलं तसं नकाराचं दुसरं उदाहरण माझ्याकडे नाही, म्हणून घेते.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लागलं, दादाजी भिकाजी नावाच्या माणसाशी. त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नाहीत, आईकडे राहिल्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात पुस्तकं होती, त्या वाचत राहिल्या. १८८४ ला नवऱ्यानं मुंबई हायकोर्टात दावा टाकला की माझी बायको मला द्या. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूनं दिला, त्यावर अपील झालं, आणि मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जायची तयारी ठेव. आणि विशीतल्या या मुलीनं सांगितलं की मग मी तुरुंगात जाते.

यात ती पळून गेली नाही, कोर्ट मानतच नाही असंही म्हणाली नाही. कोर्टाची शिक्षा मला मान्य आहे, कोर्टाचा हुकूम नाही. हा फरक समजायला मला पाच-सहा वर्षं लागली. शिक्षा भोगायला तयार असलेला माणूस कायद्याला ‘तू आहेस’ असं म्हणत असतो आणि त्याच वेळी ‘तू चुकतोयस’ असंही म्हणत असतो.

शेवटी १८८८ ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, तुरुंग टळला. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतला, राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले, १९५५ पर्यंत जगल्या. त्यांच्या केसवरून जो वाद पेटला त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, म्हणजे मुलीशी, ती बायको असली तरी, शरीरसंबंधासाठीचं किमान वय दहावरून बारा झालं. आज बारा ऐकून पोटात गोळा येतो, पण तेव्हा त्या दोन वर्षांसाठी केवढं रान उठलं होतं!

आणि एक गोष्ट कडू आहे पण सांगायलाच हवी. टिळकांनी रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं. तेच टिळक १९०८ ला हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्यात ताठ उभे राहिले, सहा वर्षांची शिक्षा घेतली आणि गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी सहा दिवस संप केला. एका सत्तेपुढे न वाकणारा माणूस दुसऱ्या सत्तेच्या बाजूनं उभा राहू शकतो. दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं पुसलं जात नाही.

महाडला बाबासाहेबांनी कायदा मोडला होता का?

नाही! हा प्रश्न आला की मी हातातला चहा खाली ठेवते, कारण इथे शाळेतलं पुस्तक सगळं एका ओळीत उरकतं.

रावबहादूर बोल्यांच्या ठरावानं १९२३ लाच मुंबई विधिमंडळानं सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले होते आणि १९२४ ला महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. म्हणजे २० मार्च १९२७ ला जे लोक तळ्यावर गेले ते कायद्यानं मिळालेला हक्क वापरत होते. मोडला तो रिवाज, गावाचा अलिखित हुकूम. आणि त्यासाठी मार खाल्ला, परतताना लोकांवर हल्ले झाले, आणि बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही.

पुढचा भाग तर आणखी महत्त्वाचा. डिसेंबरमध्ये परत सत्याग्रह ठरला, हजारो लोक जमले, आणि तेवढ्यात विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. लोक चिडले होते, जायचंच म्हणत होते. बाबासाहेबांनी त्या वेळी तळ्यावर जाणं थांबवलं, पण २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. बघा काय केलं ते: दिवाणी कोर्टाचा हुकूम पाळला आणि दोन हजार वर्षांचा हुकूम जाळला. कोर्टातली लढाई दहा वर्षं चालली, मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं दिला.

मला कुणी विचारलं की कुठला हुकूम मानायचा नि कुठला नाही हे कसं ओळखायचं, तर मी डिसेंबर १९२७ कडे बोट दाखवते. जिथे उद्या परत भांडायला दार उघडं आहे तिथे थांबता येतं. जिथे दारच नाही, जन्मावरूनच ठरवून टाकलंय, तिथे कसलं थांबायचं.

पण बाबासाहेबच म्हणाले होते ना, स्वातंत्र्यानंतर सत्याग्रह सोडून द्या?

हो, २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेत. घटनात्मक मार्ग शिल्लकच नव्हते तेव्हा सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह ठीक होते, आता मार्ग उघडे असताना ही पद्धत म्हणजे अराजकाचं व्याकरण, असं त्यांचं म्हणणं होतं. हे वाक्य सत्तेतल्या लोकांना फार आवडतं, आंदोलन करणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला.

मला ते वाक्य अडचणीचं वाटत नाही, जबाबदारीचं वाटतं. अर्ज केलास का, माहिती अधिकार टाकलास का, अपील केलंस का, कोर्टाचं दार ठोठावलंस का, मग बोल. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग सरकारवर पडतो, की मार्ग खरोखर उघडे ठेवा. झोपडी तोडायची नोटीस शुक्रवारी संध्याकाळी येते आणि बुलडोझर सोमवारी सकाळी, तर मधल्या शनिवार-रविवारी तो माणूस कुठल्या घटनात्मक मार्गानं जाणार? त्या बाईनं दारात बसून ‘मी उठणार नाही’ म्हटलं तर मी तिला अराजक म्हणणार नाही.

लपून केलेली अवज्ञा चालते का?

गांधीजींना गुप्त कामं पसंत नव्हती, ते उघड बोलले होते. पण १९४२ ला ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘चले जाव’ झालं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळे मोठे नेते आत, आणि याच मुंबईत उषा मेहता नावाची बावीस वर्षांची मुलगी आणि तिचे साथीदार काँग्रेस रेडिओ चालवू लागले. ऑगस्टअखेर ते १२ नोव्हेंबर, जागा बदलत बदलत, ज्या बातम्या पेपरांना छापता येत नव्हत्या त्या सांगत. हे लपूनच होतं, दुसरं कसं असणार. पण पकडल्यावर तिनं माफी मागितली नाही, कुणाचं नाव दिलं नाही, चार वर्षांची शिक्षा घेतली. म्हणून मला वाटतं लपण्याचा प्रश्न दुय्यम आहे. कुणापासून लपलास आणि पकडल्यावर कुणावर ढकललंस, ते बघायचं.

पोलीस, आर्मी, नेव्ही, इथे तर ऐकावंच लागतं ना?

ऐकावं लागतं आणि ते बरोबरच आहे, हातात बंदूक असलेल्या माणसानं रोज स्वतःच्या मर्जीनं वागायचं ठरवलं तर सामान्य माणसाचं काय होईल. पण तिथेही सीमा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांतून हे तत्त्व पक्कं झालं, की ‘मला वरून हुकूम होता’ एवढ्यावर गुन्हा धुतला जात नाही, दुसरा मार्ग निवडणं शक्य होतं का ते बघितलं जाईल.

आणि मुंबईत बसून १८ फेब्रुवारी १९४६ विसरता येत नाही. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रात नौसैनिकांनी जेवण नाकारलं. कारणं काय, तर निकृष्ट जेवण, पगार, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. दोन-तीन दिवसांत सत्तर-ऐंशी जहाजं आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात आले, गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबाग रस्त्यावर उतरलं, गोळीबारात शहरात दोनशेहून जास्त माणसं गेली. २३ तारखेला पटेल आणि जीना दोघांनीही सांगितल्यावर त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. पुढे कित्येकांना नोकरीतून काढलं. आमच्या काकांपैकी एकाचे वडील त्या वेळी परळला गोळीबारात सापडले होते, पायाला गोळी लागली होती, घरात ती गोष्ट आमटीच्या ताटाबरोबर वाढली जायची असं काका सांगतात.

माणसं चुकीचं आहे हे कळत असूनही ऐकतात कशी?

यावर १९६१ ला अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी प्रयोग केला. साध्या लोकांना सांगितलं की समोरचा उत्तर चुकला की विजेचा झटका द्या, प्रत्येक वेळी वाढवत न्या. झटके खोटे होते, ओरडणारा माणूस ठरवलेला होता, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. वाईट माणसं नव्हती ती, घामाघूम झाली, कुरकुरली, पण करड्या रंगाचा कोट घातलेला माणूस ‘पुढे चला’ म्हणाला आणि ती पुढे गेली.

मला हे प्रयोगाशिवायही कळलेलं आहे. आमच्या सोसायटीत दोन लिफ्ट. कमिटीनं नोटीस काढली की घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले, सगळ्यांनी मागची सर्व्हिस लिफ्टच वापरायची. मी कमिटीत होते. मला पटलेलं नव्हतं, पण सेक्रेटरी म्हणाले सगळ्यांचं मत आहे, आणि मी सही केली. महाड, रखमाबाई, सगळं वाचून झालेलं असताना सही केली. मग ती मागची लिफ्ट बंद पडली, अकरा दिवस बंद. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी, गुडघे दुखतात त्यांचे, सात मजले चढून यायच्या आणि मी दार उघडून त्यांना पाणी द्यायचे. पाणी द्यायचे! बाराव्या दिवशी त्या पुढच्या लिफ्टमध्ये जाऊन उभ्या राहिल्या, वॉचमन म्हणाला मावशी नको, मला वरून सांगितलंय. त्या म्हणाल्या, मग वरच्यांना खाली बोलव, तोवर मी इथेच उभी आहे. आणि लिफ्टचं दार पायानं अडवून उभ्या राहिल्या, सकाळी साडेआठला, सगळ्यांची ऑफिसची वेळ.

मी खाली गेले. वॉचमनला म्हटलं की या नोटिशीवर माझी सही आहे आणि ती मी मागे घेतेय, मावशींना वर येऊ दे. त्या रविवारी मीटिंग झाली, तीन तास भांडण झालं, नोटीस रद्द झाली. माझं त्यात काही मोठं नाही. अकरा दिवसांत मी काय करू शकले असते ते सगळं मला माहीत होतं.

बॉसचं ऐकलं नाही तर नोकरी जाईल ना?

जाऊ शकते, खोटं कशाला सांगू. पण आधी शब्द नीट बघा. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या नियमांच्या सरकारी नमुन्यात, गैरवर्तन म्हणून जे लिहिलेलं असतं ते ‘वरिष्ठांच्या कायदेशीर आणि वाजवी हुकमाची जाणूनबुजून अवज्ञा’ असं असतं. कायदेशीर आणि वाजवी, हे दोन शब्द फुकट घातलेले नाहीत.

माझं सांगते. अंधेरीच्या एका कंपनीत होते, नाव नको. आग विझवायच्या सिलिंडरची महिन्याची तपासणी सहा महिने झालेली नव्हती, ऑडिट दोन दिवसांवर, आणि मला रजिस्टर देऊन सांगितलं की सहाही महिन्यांच्या सह्या करून टाक, वेगवेगळ्या पेनानं कर. मी म्हटलं आजची तपासणी करते, आजच्या तारखेनं सही करते, मागचे रकाने रिकामे राहतील. आरडाओरडा झाला नाही, केबिनमध्ये एसीचा आवाज तेवढा येत होता. साहेब म्हणाले ठीक आहे. पंधरा दिवसांनी माझी बदली तुर्भ्याच्या गोडाऊनला, दोन गाड्या बदलून जायचं, त्या वर्षी इन्क्रिमेंट नाही, आणि दीड वर्षानं मी सोडलं. मुलगी तेव्हा नववीत होती, क्लासची फी दिराकडून घेतली.

या सगळ्यातून जे शिकले ते: हुकूम लेखी मागायचा, भांडणाच्या सुरात नाही, ‘सर एवढं मेलवर टाकता का, माझ्या लक्षात राहील’ असं. चुकीचे निम्मे हुकूम तिथेच विरतात. लेखी आला नाही तर आपणच मेल करायचा की तुम्ही असं असं सांगितलंत, मला यात ही अडचण वाटते. तारीख-वेळ वहीत लिहायची. आणि ‘नाही’ बरोबर ‘त्याऐवजी हे करते’ ठेवायचं, मी आजची तपासणी खरोखर केली होती, दोन सिलिंडर रिकामे निघाले.

सोसायटीचा नियम पटत नाही, मेंटेनन्स भरणं बंद करू का?

अजिबात नको. पैसे थांबवले की तुम्ही थकबाकीदार, मग तुमचं म्हणणं कुणी ऐकत नाही. पैसे भरा आणि सोबत लेखी विरोध द्या, पोच घ्या. उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांची, प्रत मागा, बऱ्याचदा कमिटीचा नियम उपविधींत नसतोच, कुणीतरी एका संध्याकाळी ठरवलेला असतो. वार्षिक सभेत विषय आणा, नाही घेतला तर तुमच्या वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे जा. कंटाळवाणं आहे, चकरा पडतात.

जमावबंदी लागू असताना मोर्च्याला गेलो तर काय होतं?

शांतपणे, शस्त्रांशिवाय जमायचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे, पण त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. पूर्वी ज्याला सगळे १४४ म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालंय, आणि असा हुकूम मोडला तर जुनं १८८ जाऊन भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कुणाच्या जिवाला, आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका झाला तर एक वर्ष किंवा ५००० पर्यंत किंवा दोन्ही. दक्षिण मुंबईत आंदोलनाला जागा म्हणजे आझाद मैदान, तिथेही परवानगी काढावी लागते.

अटक झाली तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायलाच लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तर उत्पन्न न बघता. हे घरातल्या कुणालातरी सांगून निघायचं, आणि फोनशिवाय दोन नंबर पाठ हवेत. पोरांना एक गोष्ट परत परत सांगते, की पासपोर्टच्या वेळी, सरकारी नोकरीच्या वेळी गुन्हा विचारतात, हे कळून मग जायचं असेल तर जा, मित्र गेले म्हणून नको.

शाळेत राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून काढता येतं का?

१९८६ ला सुप्रीम कोर्टानं केरळच्या तीन भावंडांच्या केसमध्ये सांगितलं, की ती आदरानं उभी राहत होती, धर्मश्रद्धेमुळे फक्त गात नव्हती, त्यांना शाळेतून काढणं चूक. मला हा निकाल आवडतो तो उभं राहण्यासाठी. न गाणारं मूल उभं होतं.

माझा तीन वर्षांचा मुलगा कशालाच ‘हो’ म्हणत नाही, हे पण यातच येतं का?

त्या वयात येतंच ते, मी वेगळा माणूस आहे हे त्याला नुकतं कळतंय. मार देऊन ‘हो’ काढू नका एवढंच.

मी एकट्यानं नाही म्हणून काय फरक पडणार?

मिलग्रॅमच्याच प्रयोगाचा एक प्रकार होता, त्यात शेजारी आणखी दोन माणसं बसवली होती आणि त्यांनी मध्येच उठून सांगितलं की आम्ही हे करणार नाही. तेव्हा शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त ४. आधी २६, मग ४. बाकी सगळं तेच, तीच मशीन, तोच कोट.

तुर्भ्याला बदली झाल्यावर साताठ महिन्यांनी अंधेरीहून माझ्या जागी आलेल्या मुलाचा फोन आला. साताऱ्याकडचा होता, लग्न नुकतं झालेलं, बोलताना सारखं मॅडम मॅडम करायचा. म्हणाला, मॅडम, रजिस्टर आलंय, चार महिन्यांच्या सह्या करायच्यात, आणि तुमच्या वेळचे रकाने अजून रिकामेच आहेत, कुणी भरलेले नाहीत. मी विचारलं, मग काय करणार? तो म्हणाला, आजची तारीख टाकतो.